पोस्टग्रेसचे पीजी_डम्प आणि पीजी_रिस्टोर : वारशाने आलेल्या जनरेटेड कॉलमांच्या कसोटीवर

पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीबरोबर मिळणारी पीजी_डम्प (डेटाबेसची प्रत फाइलमध्ये उतरवणारे) आणि पीजी_रिस्टोर (त्या फाइलमधून डेटाबेस पुन्हा उभा करणारे) ही दोन साधने डेटाबेस सांभाळणाऱ्यांच्या इतकी अंगवळणी पडली आहेत की त्यांचे वेगळे परीक्षण करावे असे सहसा कोणाला वाटत नाही. रात्री ठरल्या वेळी डम्प निघतो, फाइल दुसऱ्या मशीनवर जाते आणि सकाळी लॉगमध्ये वावगे काही दिसले नाही की बॅकअप झाला असे धरून सगळे कामाला लागतात. बहुतेक टेबलांच्या बाबतीत हा विश्वास रास्तच आहे. परंतु टेबल दुसऱ्या टेबलाचा वारसा घेत असेल, म्हणजे त्याचे कॉलम आपल्याकडे घेत असेल, आणि त्यात सूत्रावरून आपोआप भरला जाणारा म्हणजेच ‘जनरेटेड’ कॉलम असेल, तर या साधनांची वागणूक आवृत्तीगणिक बदलत गेली आहे, आणि मध्यंतरी तर डम्प बिनबोभाट निघे पण रिस्टोर होताना अडे. हे परीक्षण तेवढ्याच कोपऱ्यापुरते आहे. तो कोपरा लहान असला तरी त्यात ज्यांची टेबले आहेत त्यांच्यासाठी तो बॅकअपचा कणा आहे.

उदाहरणादाखल साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची नोंद घेऊ. उसाची गाडी आत येताना भरलेली तोलली जाते, ऊस उतरवून बाहेर पडताना रिकामी तोलली जाते, आणि दोहोंतील फरक म्हणजे उसाचे निव्वळ वजन. शेतकऱ्याचे बिल त्यावरच निघते. हा फरक कोणी हाताने भरू नये आणि कोणाला हाताने बदलताही येऊ नये, यासाठी तो कॉलम ‘जनरेटेड ऑलवेज ॲज (भरलेले_वजन - रिकामे_वजन) स्टोअर्ड’ असा घोषित करणे हा उत्तम उपाय आहे. ही सोय पोस्टग्रेस 12 मध्ये, म्हणजे ऑक्टोबर 2019 मध्ये आली. त्याआधी हेच काम ट्रिगर, म्हणजे नोंद होताना आपोआप चालणारा कोड, लिहून करावे लागे, आणि कोणी ट्रिगर बंद करून काही दुरुस्त केले की आकडे चुकत. आता ‘वजनपावती’ हे पॅरेंट (मूळ) टेबल ठेवून प्रत्येक गळीत हंगामासाठी ‘इनहेरिट्स’ वापरून एकेक चाइल्ड (वारसदार) टेबल केले, तर पॅरेंटमधील सूत्र चाइल्डमध्ये आपोआप उतरते. रचना सुबक आहे, तिच्यावर चालणाऱ्या क्वेरी सोप्या राहतात, आणि रोजच्या वापरात कसलीही कुरबुर होत नाही.

कुरबुर सुरू होई ती रिस्टोरच्या वेळी. आवृत्ती 12 च्या सुरुवातीच्या काळातील पीजी_डम्प अशा चाइल्ड टेबलासाठी आधी ‘क्रिएट टेबल … इनहेरिट्स’ ही आज्ञा बरोबर लिहीत असे, आणि पुढे जाऊन ‘अल्टर टेबल ओन्ली … अल्टर कॉलम निव्वळ_वजन सेट डिफॉल्ट …’ अशी आणखी एक आज्ञा जोडत असे. जनरेटेड कॉलमला डिफॉल्ट, म्हणजे मूल्य न दिल्यास धरायचे मूल्य, देताच येत नाही. त्यामुळे सर्व्हर ‘कॉलम निव्वळ_वजन ऑफ रिलेशन … इज अ जनरेटेड कॉलम’ एवढे सांगून ती आज्ञा नाकारत असे. जितकी चाइल्ड टेबले, तितक्या वेळा हीच त्रुटी.

याचे कारण सर्व्हरच्या आतील मांडणीत आहे. पोस्टग्रेस साध्या डिफॉल्टचे मूल्य आणि जनरेटेड कॉलमचे सूत्र ही दोन्ही ‘पीजी_ॲट्रडेफ’ या एकाच कॅटलॉग टेबलात (सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदवहीत) ठेवते. कोणते काय आहे हे ‘पीजी_ॲट्रिब्यूट’मधील ‘ॲटजनरेटेड’ या खुणेवरून ओळखायचे असते. डिफॉल्टच्या बाबतीत चाइल्ड टेबल स्वतःचे वेगळे मूल्य ठेवू शकते, म्हणून वारशाने आलेल्या कॉलमचे डिफॉल्ट स्वतंत्र आज्ञेने लिहिणे हा पीजी_डम्पचा जुना आणि योग्य शिरस्ता होता. जनरेटेड कॉलम नव्याने आले तेव्हा तेही त्याच वाटेने गेले, आणि जो नियम एकाला लागू होता तो दुसऱ्यालाही लावला गेला. डिसेंबर 2019 मध्ये पोस्टग्रेसचे विकासक टॉम लेन यांच्या संदेशातून विकासकांच्या चर्चेत हा प्रश्न आला, आणि दुसरे विकासक पीटर आयझेनट्राउट यांची दुरुस्ती फेब्रुवारी 2021 मधील 13.2 आणि 12.6 या आवृत्त्यांतून वापरकर्त्यांच्या हाती पडली. दुरुस्ती साधी होती: वारशाने आलेल्या जनरेटेड कॉलमसाठी वेगळी आज्ञा लिहायचीच नाही, कारण सूत्र पॅरेंटकडून येणारच आहे.

या दुरुस्तीच्या प्रकाशन-टिपेत या त्रुटींना निरुपद्रवी म्हटले आहे, आणि माझा पहिला आक्षेप या विशेषणाला आहे. कॉलम जनरेटेड म्हणूनच तयार होतो, डेटाही नीट भरला जातो, या मर्यादित अर्थाने ते विधान खरे आहे. पण रिस्टोर करणाऱ्याच्या जागेवरून पाहिले तर चित्र बदलते. पीजी_रिस्टोर स्वाभाविक स्थितीत त्रुटी आली तरी पुढे जाते, शेवटी इतक्या त्रुटींकडे दुर्लक्ष केले असा इशारा छापते आणि एक्झिट कोड 1 (काम बिघडल्याची खूण) देते. ज्यांनी ‘--एक्झिट-ऑन-एरर’ लावले आहे, किंवा सगळे रिस्टोर एकाच व्यवहारात (पूर्ण होईल नाहीतर काहीच होणार नाही अशा रीतीने) व्हावे म्हणून ‘--सिंगल-ट्रान्झॅक्शन’ लावले आहे, त्यांचे काम मात्र पहिल्याच त्रुटीला थांबते, आणि दुसऱ्या पर्यायात तर तोवर झालेले सगळे मागे फिरते. म्हणजे जो वापरकर्ता जास्त काळजी घेतो त्यालाच हा दोष जास्त जाचतो. साध्या मजकुराचा डम्प पीएसक्यूएल या आज्ञा चालवणाऱ्या साधनातून चालवणाऱ्यांची स्थिती याच्या उलट असते: ‘ऑन_एरर_स्टॉप’ लावलेले नसेल तर पीएसक्यूएल त्रुटी दाखवून पुढे जाते आणि शेवटी एक्झिट कोड शून्यच देते, त्यामुळे स्क्रिप्टला काही कळतच नाही. आणि दर वेळी त्याच त्या ‘निरुपद्रवी’ ओळी पाहण्याची सवय झाली की त्यांच्या गर्दीत एखादी खरी त्रुटी आली तर ती नजरेतून सुटते. बॅकअपच्या साधनाने माणसाला त्रुटींकडे काणाडोळा करायला शिकवणे हा माझ्या मते गंभीर दोष आहे, डेटा त्या घडीला शाबूत राहिला तरीही.

अशा काळातील डम्प आजही अनेक ठिकाणी जपून ठेवलेले असतील, म्हणून ते कसे वाचवायचे हे सांगणे अगत्याचे आहे, आणि येथे पीजी_रिस्टोरचे मनापासून कौतुक करायला हवे. डम्प ‘कस्टम’ फॉरमॅटमध्ये घेतलेला असेल तर ‘--लिस्ट’ हा पर्याय देऊन त्यातील सर्व नोंदींची यादी एका फाइलमध्ये उतरवून घेता येते. या यादीत नको असलेल्या ओळी ओळखणे सोपे असते: ओळीच्या सुरुवातीला नोंदीचा क्रमांक, अर्धविरामानंतर 2604 हा आकडा, आणि पुढे ‘डिफॉल्ट’ हा शब्द, स्कीमा (टेबलांचा नामगट), चाइल्ड टेबलाचे नाव व कॉलमचे नाव. 2604 हा पीजी_ॲट्रडेफ या कॅटलॉगचाच ओआयडी, म्हणजे अंतर्गत ओळख-क्रमांक, आहे, त्यामुळे त्या आकड्यावर शोध घेतला की संशयित ओळी चटकन हाती येतात. त्यांतील ज्या जनरेटेड कॉलमच्या आहेत तेवढ्याच ओळींच्या आरंभी अर्धविराम टाकायचा, फाइल जपून ठेवायची आणि ‘--यूज-लिस्ट’ने तीच यादी पीजी_रिस्टोरला द्यायची. अर्धविरामाने सुरू होणारी ओळ शेरा मानली जाते, ती आज्ञा चालवलीच जात नाही, आणि बाकीचे रिस्टोर एकाच व्यवहारात, एकाही त्रुटीविना पार पडते. मात्र खऱ्याखुऱ्या डिफॉल्टच्या ओळींनाही तोच आकडा असतो, त्यामुळे सरसकट सगळ्या ओळी गाळणे घातक ठरेल. क्रमांक देणाऱ्या सीक्वेन्सचे डिफॉल्टही त्याच नोंदींमध्ये असतात. मूळ फाइलला हात न लावता तिच्यातून काय उभे करायचे हे ठरवू देणारी ही सोय मला या दोन्ही साधनांतील सर्वांत मोलाची वाटते. साध्या मजकुराच्या डम्पमध्ये ती मिळत नाही, आणि कस्टम फॉरमॅटचा आग्रह धरायला एवढे कारण पुरेसे आहे.

फेब्रुवारीच्या दुरुस्तीने मात्र एका बाजूचा प्रश्न सोडवताना दुसरी बाजू उघडी पाडली, आणि हा भाग पहिल्याहून अधिक गंभीर आहे. पोस्टग्रेसमध्ये ‘पार्टिशन’ (मोठ्या टेबलाचा एकेक तुकडा) हाही आतून वारशाचाच प्रकार आहे, पण पीजी_डम्प पार्टिशन ‘इनहेरिट्स’ने लिहीत नाही, ते प्रत्येक पार्टिशन स्वतंत्र टेबल म्हणून तयार करते आणि मग ‘अटॅच पार्टिशन’ने पॅरेंटला जोडते. साहजिकच अशा टेबलाला सूत्र वारशाने मिळण्याचा प्रश्नच येत नाही. ते आज्ञेत लिहिलेलेच असावे लागते. 13.2 मधील साधनाने तेही गाळले. अशा डम्पमधून पार्टिशनचा कॉलम साधा म्हणून तयार होतो, आणि जोडण्याच्या वेळी सर्व्हर चाइल्ड टेबलातील कॉलम जनरेटेडच असला पाहिजे असे सांगून नकार देतो. पीजी_रिस्टोर थांबवलेले नसेल तर ते पुढे जाऊन डेटा भरते, पण डम्पमध्ये जनरेटेड कॉलमची मूल्ये नसतातच, त्यामुळे तो कॉलम रिकामा राहतो. पार्टिशनमध्ये पावत्या आहेत, निव्वळ वजन कोठेच नाही, आणि पॅरेंटवर क्वेरी केली तर एकही ओळ मिळत नाही, अशी ही अवस्था होते. मे 2021 मधील 13.3 आणि 12.7 यांत हे सुधारले. तीन महिन्यांत दुरुस्ती आली ही प्रकल्पाच्या तत्परतेची खूणच म्हणायला हवी. पण त्या तीन महिन्यांत घेतलेले डम्प कोणाकडे दीर्घ मुदतीच्या साठ्यात असतील, तर ते आजच तपासावेत असे मी आग्रहाने सांगेन. अशा फाइलमधून केवळ ‘प्री-डेटा’ (टेबलांच्या व्याख्यांचा) हा विभाग मजकूर म्हणून बाहेर काढायचा, पार्टिशनच्या व्याख्येत गाळले गेलेले सूत्र हाताने लिहायचे, त्या व्याख्या चालवायच्या, आणि मग मूळ फाइलमधून ‘डेटा’ व ‘पोस्ट-डेटा’ (इंडेक्स वगैरेंचा) हे विभाग ओळीने भरायचे. ‘--सेक्शन’ हा पर्याय नेमका अशा प्रसंगी कामी येतो.

पुढचा टप्पा सप्टेंबर 2023 मधील पोस्टग्रेस 16 चा, आणि तेथे दोष साधनाचा नाही, नियमच बदलला. आवृत्ती 15 पर्यंत पॅरेंटमधील कॉलम साधा असला तरी चाइल्डमध्ये तोच कॉलम जनरेटेड करता येत असे. याचा परिणाम असा की पॅरेंटवर ‘अपडेट’ चालवून चाइल्डमधील कॉलममध्ये सूत्राशी न जुळणारे मूल्य घालता येत होते, म्हणजे ज्या हमीसाठी कॉलम जनरेटेड केला ती हमीच नाहीशी होत होती. 16 पासून पॅरेंट आणि चाइल्ड दोन्हीकडे कॉलम जनरेटेड असला पाहिजे किंवा दोन्हीकडे साधा असला पाहिजे. हा बदल मला पूर्णपणे पटतो. त्याच वेळी एक बंधन सैल झाले: सूत्र मात्र दोन्हीकडे वेगळे असू शकते, आणि ओळ प्रत्यक्ष ज्या टेबलात आहे त्या टेबलाचे सूत्र तिला लागू होते. आपल्या उदाहरणात एखाद्या हंगामापासून मोळ्यांच्या बांधणीची वजावट सूत्रात घ्यायची ठरली, तर फक्त त्या हंगामाच्या चाइल्ड टेबलाला नवे सूत्र देता येते आणि जुन्या हंगामांचे आकडे जसेच्या तसे राहतात. वारशाची रचना निवडणाऱ्यांना याहून उपयोगी सुधारणा क्वचितच मिळाली असेल. 16 मधील पीजी_डम्पही पॅरेंट आणि चाइल्ड यांची सूत्रे ताडून पाहते, आणि ती वेगळी असतील तरच चाइल्डचे सूत्र स्वतंत्रपणे लिहिते.

अडचण येते ती 15 किंवा त्याआधीच्या सर्व्हरवरून 16 वर जाताना. पॅरेंट साधा आणि चाइल्ड जनरेटेड अशी जुनी जोडी असेल, तर जुन्या सर्व्हरवर ती वैध होती, डम्पही बिनतक्रार निघतो, पण नवा सर्व्हर तो स्वीकारत नाही. पीजी_अपग्रेड हे नव्या आवृत्तीवर नेणारे साधन वापरूनही सुटका नाही, कारण तेही टेबलांची रचना हलवण्यासाठी पीजी_डम्पवरच अवलंबून असते आणि पहिल्याच त्रुटीला थांबते. येथे सर्व्हरच्या संदेशाची मात्र प्रशंसा करावीशी वाटते: पॅरेंटचा कॉलम जनरेटेड असल्याखेरीज चाइल्डचा कॉलम जनरेटेड असू शकत नाही, असे तो सूचनेच्या ओळीत स्वच्छ सांगतो. वाचणाऱ्याला कारण आणि दिशा दोन्ही कळतात. 12 च्या काळातील त्रोटक संदेशाच्या तुलनेत ही मोठी प्रगती आहे.

उपाय जुन्या सर्व्हरवरच, अपग्रेडच्या आधी करावा. पीजी_इनहेरिट्स या कॅटलॉगमधून पॅरेंट-चाइल्ड जोड्या घेऊन, एकाच नावाच्या कॉलमची ॲटजनरेटेड ही खूण दोन्हीकडे सारखी आहे का हे एका क्वेरीने तपासता येते. ज्या जोड्या जुळत नाहीत तेथे चाइल्डवर थेट ‘ड्रॉप एक्स्प्रेशन’ चालवायला गेल्यास, वारशाने आलेल्या कॉलममधून सूत्र काढता येत नाही, असा नकार मिळतो. म्हणून आधी ‘नो इनहेरिट’ने चाइल्डला पॅरेंटपासून सोडवायचे, मग ‘ड्रॉप एक्स्प्रेशन’ने कॉलम साधा करायचा, आणि ‘इनहेरिट’ने पुन्हा जोडायचे, या तिन्ही आज्ञा एकाच व्यवहारात द्याव्यात, म्हणजे मधल्या काळात पॅरेंटवरच्या क्वेरीतून तो हंगाम गायब होणार नाही. साठवलेली मूल्ये जागेवरच राहतात, फक्त पुढील नोंदींसाठी ट्रिगरची सोय करावी लागते. ‘ड्रॉप एक्स्प्रेशन’ आवृत्ती 13 पासून आहे. 12 वर अडकलेल्यांना कॉलम नव्याने करून मूल्ये त्यात उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली एक गोष्ट दस्तऐवजात आहे, पण वापरकर्त्यांच्या ध्यानात क्वचित असते. पीजी_डम्प जनरेटेड कॉलमची मूल्ये घेत नाही. ओळी भरणाऱ्या ‘कॉपी’च्या आज्ञेत त्या कॉलमचे नावच नसते, रिस्टोरच्या वेळी सर्व्हर प्रत्येक ओळीसाठी सूत्र पुन्हा चालवतो. सूत्र म्हणजे दोन वजनांची वजाबाकी असेल तर यात काहीच बिघडत नाही. पण सूत्रात स्वतः लिहिलेले फंक्शन असेल, ते ‘इम्युटेबल’ (त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर देणारे) असल्याचे घोषित केले असेल आणि आतून मात्र दर-तक्त्यासारखे एखादे टेबल वाचत असेल, तर रिस्टोरच्या वेळी ते टेबल अजून भरलेलेच नसण्याची शक्यता असते. तशा वेळी कॉलममध्ये निमूटपणे चुकीचे किंवा रिकामे मूल्य बसते. शिवाय 2018 मधील सुरक्षा-दुरुस्तीनंतर डम्पच्या आरंभीच ‘सर्च_पाथ’ (टेबल कोणत्या स्कीमांत शोधायचे याची यादी) रिकामा केला जातो, त्यामुळे फंक्शनच्या आत स्कीमाचे नाव न लिहिता टेबलाचा उल्लेख असेल तर ते सापडत नाही आणि त्या टेबलाचे अख्खे ‘कॉपी’ फसते. दोष फंक्शन लिहिणाऱ्याचा आहे हे मान्य करूनही, सर्व्हर ‘इम्युटेबल’ या घोषणेची पडताळणी करत नाही आणि डम्प काढताना साधनही कसला इशारा देत नाही, ही उणीव म्हणून नोंदवणे भाग आहे. ज्यांना मूल्ये जशीच्या तशी हवी आहेत, त्यांनी पीजी_बेसबॅकअप किंवा पीजीबॅकरेस्टसारख्या साधनाने फाइलींच्या पातळीवरचा बॅकअपही घ्यावा. त्यात पुनर्गणना होतच नाही.

पोस्टग्रेस 18 मध्ये, म्हणजे सप्टेंबर 2025 मध्ये, मूल्य न साठवता वाचताना काढणारे ‘व्हर्च्युअल’ जनरेटेड कॉलम आले, आणि प्रकार लिहिला नाही तर आता व्हर्च्युअलच धरला जातो. पॅरेंट आणि चाइल्ड यांचा प्रकार एकच असावा लागतो. एकीकडे स्टोअर्ड आणि दुसरीकडे व्हर्च्युअल असेल तर सर्व्हर कोणाचा कोणता प्रकार आहे हे सांगून नकार देतो. जुने डम्प ‘स्टोअर्ड’ हा शब्द स्पष्ट लिहितात, त्यामुळे त्यांना या बदलाची झळ लागत नाही. हाताने लिहिलेल्या चाइल्ड-टेबलांच्या स्क्रिप्टमध्ये मात्र तो शब्द आहे ना हे पाहून घ्यावे.

दस्तऐवजांबद्दल थोडेसे. जनरेटेड कॉलमच्या प्रकरणातील वारशाचे नियम 16 पासून नेमके आणि वाचनीय झाले आहेत, आणि डिफॉल्टपेक्षा वेगळे वर्तन कोठे आहे हेही तेथे कंसात का होईना सांगितले आहे. पीजी_डम्पच्या पानावर मात्र या विषयाला स्वतंत्र जागा असायला हवी होती. रिस्टोर अडलेला माणूस जनरेटेड कॉलमचे प्रकरण उघडत नाही. तो साधनाचे पान उघडतो.

आज ही साधने निवडायची का, याचे माझे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे, एका अटीवर: डम्प नेहमी ज्या सर्व्हरवर रिस्टोर करायचा आहे त्या आवृत्तीच्या पीजी_डम्पने, आणि तिच्या ताज्या उपआवृत्तीने काढावा. नवे पीजी_डम्प जुन्या सर्व्हरशी बोलते. आवृत्ती 15 पासूनचे साधन 9.2 पर्यंत मागे जाऊ शकते. जुने साधन नव्या मुख्य आवृत्तीच्या सर्व्हरचा डम्प काढायला नकारच देते. वर सांगितलेले दोन्ही दोष डम्प काढणाऱ्या साधनाचे होते, सर्व्हरच्या डेटाचे नव्हते. म्हणून सर्व्हर अजून 12.3 वर रखडलेला असला तरी 16 किंवा 17 चे पीजी_डम्प दुसऱ्या मशीनवर बसवून त्याचा निर्दोष डम्प आजही काढता येतो. 12 चा पाठिंबा नोव्हेंबर 2024 मध्ये आणि 13 चा नोव्हेंबर 2025 मध्ये संपला आहे, त्यामुळे तसा डम्प काढून वर सरकणे हेच श्रेयस्कर. रिस्टोर झाल्यावर केवळ ओळी मोजून थांबू नये. प्रत्येक चाइल्ड टेबलातील जनरेटेड कॉलमची बेरीज जुन्या आणि नव्या सर्व्हरवर ताडून पाहावी, आणि नव्या बाजूला ॲटजनरेटेडची खूण खरोखर लागली आहे का हेही पाहावे, कारण बेरीज जुळूनही कॉलम साधाच राहिलेला असू शकतो आणि तो दोष पुढच्या हंगामाची पहिली पावती फाडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.